महागडा मदरबोर्ड नेमके कशाचे पैसे घेतो?

पुण्याहून नगरला येताना शहराआधी केडगाव लागतं. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखलं जाणारं हे गाव आता अहिल्यानगर महापालिकेचं दाट वस्तीचं उपनगर झालं आहे. लग्नाचं चित्रीकरण करून ते घरीच एडिट करणारे, फ्लेक्स आणि पत्रिका छापणारे, घरांचे नकाशे काढणारे, संगणकशास्त्र शिकणारे आणि गेम खेळणारे असे अनेक जण इथे स्वतःचा संगणक जुळवून घेतात. प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरतं आणि गाडी मदरबोर्डापाशी अडते. एकाच प्रोसेसरसाठी पंधरा हजारांचाही बोर्ड मिळतो, पन्नास हजारांचाही, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लाखाच्या पुढचाही. तिन्हींवर संगणक सुरू होतो. मग मधला फरक कशाचा?

हा फरक नीट उलगडून पाहणं हा या लेखाचा हेतू आहे. माझं मत असं, की महागड्या बोर्डातल्या तीनच गोष्टींसाठी जास्तीचे पैसे द्यावेत: प्रोसेसरला वीज पुरवणारी व्यवस्था, लेनची, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटांची, वाटणी आणि बिघाड स्वतः शोधता येण्याची सोय. त्यांचं मोलही कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवू नये. इथलं ऊन, इथली वीज आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर पाहून ठरवावं.

बाजारात आज काय आहे

घरगुती संगणकाची दोन घराणी आहेत. एएमडीचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आलं. त्यात १७१८ पिना असतात आणि किमान २०२७पर्यंत याच सॉकेटवर नवे प्रोसेसर देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचं एलजीए १८५१ सॉकेट ऑक्टोबर २०२४मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आलं. त्याआधीचं एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चाललं. वरच्या दर्जाचा बोर्ड म्हणजे एएमडीकडे एक्स८७०ई आणि इंटेलकडे झेड८९० चिपसेटचा. त्याखाली बी८५० आणि बी८६० येतात. सगळ्यांच्या वर थ्रेडरिपरसाठीचे टीआरएक्स५० आणि डब्ल्यूआरएक्स९० हे बोर्ड आहेत. तिथे बोर्ड आणि प्रोसेसर मिळूनच खर्च लाखांत जातो.

बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि बहुतेक तैवानच्या: गिगाबाइट आणि एमएसआय १९८६च्या, एसस १९८९ची, एएसरॉक २००२ची. एकेकाळी आपल्याकडे विश्वासाने मागितला जाणारा 'ओरिजिनल इंटेल' बोर्ड आता इतिहासजमा आहे. डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं इंटेलने २०१३मध्ये जाहीर केलं. आकाराचं मानक मात्र इंटेलनेच १९९५मध्ये घालून दिलेलं एटीएक्स आहे, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. महागडे बोर्ड पुष्कळदा याहून रुंद, ई-एटीएक्स आकाराचे असतात. ते जुन्या कॅबिनेटमध्ये बसतीलच असं नाही, म्हणून आधी माप घ्यावं.

वीज: सगळ्यात जड भाग

पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट, आणि तेही क्षणाक्षणाला बदलणारे. हे रूपांतर करणारी व्यवस्था म्हणजे व्हीआरएम. प्रोसेसर २०० वॉट घेत असेल आणि दाब १.२ व्होल्ट असेल, तर प्रवाह होतो जवळजवळ १६७ अँपिअर. एवढा प्रवाह एका वाटेने नेता येत नाही. म्हणून तो अनेक फेजमध्ये वाटतात. बोर्डाच्या खोक्यावर १८+२+२ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा प्रोसेसरच्या गाभ्यासाठीचा, बाकीचे जोडभागांसाठीचे. प्रत्येक फेजमधल्या पॉवर स्टेजची क्षमता वरच्या बोर्डांत ११० अँपिअरपर्यंत जाते.

हा आकडा मोठा म्हणून प्रोसेसर वेगाने धावत नाही. फायदा होतो तो उष्णतेत. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर २३० वॉटचा प्रोसेसर चालवताना सुमारे २५ वॉट बोर्डावरच उष्णता होऊन बाहेर पडतात. फेज जास्त असल्या की प्रत्येकीवरचा भार कमी होतो, तोटा घटतो आणि उरलेली उष्णता मोठ्या जागेत पसरते. वर जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक असला आणि बोर्ड आठ-दहा थरांचा, जाड तांब्याचा असला, तर तो तासन्‌तास भार सोसतो. व्हिडिओ रेंडरला लावून रात्रभर संगणक चालू ठेवणाऱ्याला ही गोष्ट खरोखर कामाची आहे.

पण प्रत्येकाला ती लागत नाही. १६ गाभ्यांचा रायझन ९ ९९५०एक्स पूर्ण भारावर २३० वॉटपर्यंत घेऊ शकतो, इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के कमाल २५० वॉट. गेमसाठी सर्वाधिक मागणी असलेला रायझन ७ ९८००एक्स३डी मात्र १६२ वॉटच्या वर जात नाही. त्याला बी८५०चा बऱ्यापैकी हीटसिंक असलेला बोर्ड आरामात सांभाळतो. त्या प्रोसेसरखाली पन्नास हजारांचा बोर्ड लावला, तर वरचे पैसे विजेच्या बाबतीत वाया जातात.

लेन: पाणी किती आणि चाऱ्या किती

वैशिष्ट्यांच्या यादीत सर्वात फसवा भाग हाच. पाच एम.२ खाचा, तीन लांब स्लॉट, दोन यूएसबी४ असं सगळं खोक्यावर छापलेलं असतं. ते एकाच वेळी पूर्ण वेगाने चालेल का, हे मात्र आतल्या पुस्तिकेतल्या बारीक टिपेत असतं.

मुळा धरणाच्या आवर्तनाचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. धरणात पाणी ठरलेलं असतं. चाऱ्या कितीही काढल्या तरी पाणी वाढत नाही. एका दारातून जास्त सोडलं की टेलच्या शेतकऱ्याला कमी मिळतं. प्रोसेसरच्या पीसीआय एक्सप्रेस लेनचंही असंच आहे. एएम५वरच्या रायझन ७००० आणि ९०००च्या डेस्कटॉप प्रोसेसरांत २८ लेन असतात. त्यातल्या ४ चिपसेटकडे जातात. उरलेल्या २४मधल्या १६ ग्राफिक्स कार्डाच्या आणि ८ एम.२ एसएसडीच्या. एक्स८७० आणि एक्स८७०ई बोर्डांवर एएमडीने यूएसबी४ सक्तीचं केलं. त्याच्या कंट्रोलरला ४ लेन लागतात, आणि त्या बहुधा याच आठांतून जातात. म्हणून काही बोर्डांवर दुसरी एसएसडी बसवली की यूएसबी४चा वेग अर्धा होतो. काहींवर एखादी एम.२ खाच भरली की ग्राफिक्स कार्ड १६वरून ८ लेनवर येतं.

एक्स८७०ई बोर्डावर दोन चिपसेट असतात, त्यामुळे पोर्ट वाढतात. पण दोन्ही चिपसेट एकामागून एक जोडलेले आहेत आणि प्रोसेसरकडे जाणारी वाट एकच, पीसीआय एक्सप्रेस ४.०च्या चार लेनची. म्हणजे सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइट. चिपसेटवरच्या तीन एसएसडी आणि नेटवर्क एकाच वेळी कामाला लागले, तर तेवढ्यातच भागवावं लागतं. इंटेलच्या झेड८९०मध्ये ही वाट आठ लेनची, म्हणजे दुप्पट रुंद आहे. प्रोसेसरकडच्या लेन तिथे २४ आहेत: २० पाचव्या पिढीच्या, ४ चौथ्या पिढीच्या.

पाचव्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला सुमारे ४ गीगाबाइट जातात, म्हणून चार लेनच्या एसएसडीला १४ गीगाबाइटचा वेग गाठता येतो. मोठ्या फायली एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर हलवताना हा फरक दिसतो. गेम उघडताना किंवा टॅली चालवताना तो जवळजवळ जाणवत नाही. ग्राफिक्स कार्ड पाचव्या पिढीच्या ८ लेनवर आलं तरी गेममधला तोटा नगण्य असतो. त्यामुळे लेनची वाटणी वाचताना घाबरून जायचं कारण नाही. आपलं काम कुठल्या वाटेवरून जातं तेवढं पाहावं.

एका बाबतीत मात्र महागडा बोर्ड खऱ्या अर्थाने वेगळा ठरतो. प्रोसेसरच्या १६ लेन दोन स्लॉटांत ८ आणि ८ अशा विभागता येणं ही सोय स्वस्त बोर्डांत सहसा नसते; तिथला दुसरा लांब स्लॉट चिपसेटच्या चार लेनवर, कधी एकाच लेनवर चालतो. भाषेची प्रारूपं, आवाज ओळखणं, चित्रनिर्मिती असं काम घरच्या संगणकावर शिकू पाहणाऱ्याला पुढे दुसरं ग्राफिक्स कार्ड लावावं लागू शकतं. त्याने बोर्ड घेताना ही ८-८ची विभागणी आहे का ते जरूर पाहावं. दोनहून जास्त कार्डं लावायची असतील, तर सामान्य सॉकेटात ओढाताण करण्यापेक्षा थ्रेडरिपरकडे वळणं बरं. डब्ल्यूआरएक्स९०च्या बोर्डांवर पाचव्या पिढीच्या १२८ लेन मिळतात.

रॅम: चार खाचांचा मोह

डीडीआर५ रॅम १.१ व्होल्टवर चालते आणि तिच्या पट्टीवरच वीज नियंत्रित करणारी चिप असते. महागड्या बोर्डांवर ८००० किंवा त्याहून जास्त वेग छापलेला असतो, पण तो निवडक पट्ट्यांवर, बहुतेक दोनच पट्ट्या लावून आणि ओव्हरक्लॉक करून मिळालेला असतो. रायझन ९०००चा अधिकृत वेग दोन पट्ट्यांवर ५६०० आहे. चारही खाचा भरल्या की अधिकृत आकडा ३६००वर येतो. म्हणून पुढे वाढवू या विचाराने दोन लहान पट्ट्या घेण्यापेक्षा पहिल्यापासूनच दोन मोठ्या पट्ट्या घ्याव्यात. २०२५च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात बोर्डावरचे दहा हजार वाचवून ते रॅममध्ये घालणं एडिटिंग करणाऱ्याला जास्त फळ देतं.

मागच्या बाजूची पोर्टं

वरच्या बोर्डांवर ५ किंवा १० गीगाबिटचं नेटवर्क, वायफाय ७ आणि ४० गीगाबिटचं यूएसबी४ मिळतं. एका स्टुडिओत तीन-चार जण एकाच नॅसवरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीतल्या, फायलींवर काम करत असतील, तर १० गीगाबिटचा उपयोग आहे, कारण सेकंदाला गीगाबाइटभर माहिती हलते. एकट्याने काम करणाऱ्याला २.५ गीगाबिट पुरतं. वायफाय ७चा पूर्ण वेग ६ गीगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मिळतो. त्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा खालचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा भारत सरकारने मे २०२५मध्ये काढला. राउटरही तसाच नवा नसेल, तर बोर्डावरच्या या वैशिष्ट्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आवाजासाठी वेगळी डीएसी चिप, रंगीत दिवे, छोटा पडदा या गोष्टी किंमत वाढवतात. त्यांच्यावाचून काम अडत नाही.

बायोसचे दोन धडे

गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हव्यात. एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. रॅमचा वेग वाढवताना काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी भागाला दाब जरुरीपेक्षा जास्त देत होते. एएमडीने तो १.३ व्होल्टवर अडवला आणि सगळ्या कंपन्यांना नवा बायोस काढावा लागला. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जादा दाबामुळे कायमचे बिघडत असल्याचं पुढे आलं. बोर्डांच्या मूळ सेटिंगमधल्या सैल वीजमर्यादा हाही त्या चर्चेचा भाग होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या आणि इंटेलने हमी दोन वर्षांनी वाढवली.

दोन्ही वेळा महागडे बोर्डही सुटले नाहीत. उलट, जास्त वेग दाखवण्याच्या चढाओढीत वरच्याच बोर्डांची मूळ सेटिंग आक्रमक असते. म्हणून बोर्ड बसवल्यावर पहिलं काम म्हणजे बायोस अद्ययावत करणं आणि प्रोसेसर कंपनीने सांगितलेल्या वीजमर्यादा लावणं. यासाठी बोर्डावर बायोस फ्लॅशबॅक हवा: प्रोसेसर आणि रॅम न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतो. बिघाडाचा आकडा दाखवणारा दोन अंकी पोस्ट कोडचा डिस्प्ले, निदान प्रोसेसर-रॅम-ग्राफिक्स-बूट असे चार दिवे, हेही तितकंच मोलाचं. पुण्यात सर्व्हिस सेंटर जवळ असतं. केडगावातून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून बोर्ड नेण्याआधी दोष रॅमचा आहे की बोर्डाचा, हे घरी कळलं, तर एक आख्खा दिवस आणि हातातलं काम वाचतं.

केडगावचं ऊन, धूळ आणि वीज

बोर्डांच्या चाचण्या जगभर साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नगरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरची खोली बाहेरइतकीच तापते. चाचणीत व्हीआरएम ७० अंशांवर दिसला, तर इथे मे महिन्यात तो नव्वदीच्या जवळ धरावा. पॉवर स्टेज ते सोसतात, पण आजूबाजूच्या भागांचं आयुष्य घटतं. ओल्या प्रकारच्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी जवळजवळ निम्मं होतं, असा अभियंत्यांचा आडाखा आहे. २०००नंतरच्या काही वर्षांत फुगलेल्या कपॅसिटरांनी जगभरचे बोर्ड मारले. आज चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमर कपॅसिटर असतात. ते उष्णतेत पुष्कळ जास्त टिकतात. तरीही हीटसिंकचा आकार आणि कॅबिनेटमधला वारा यांना इथे थंड खोलीतल्या ग्राहकापेक्षा जास्त महत्त्व आहे. महामार्गाची धूळ पंखे आणि हीटसिंक भरते. कॅबिनेटला जाळी हवी आणि ती ठरावीक काळाने ब्लोअरने साफ व्हायला हवी.

विजेचं गणित तर अनेकदा पूर्णच चुकतं. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. २३० वॉटचा प्रोसेसर आणि ३०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड एकदम भारावर आले, की तो वीज गेल्यावर तग धरत नाही. अशा संगणकाला हजार-दीड हजार व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लागतो, कारण आजच्या ॲक्टिव्ह पीएफसीच्या पॉवर सप्लायचं चौकोनी लहरींशी पुष्कळदा जमत नाही. बायोस भरताना वीज गेली, तर सगळ्यात महागडा बोर्डही बंद पडू शकतो. आणि अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते दुर्लक्ष करण्यासारखं लक्षण नाही. नेटवर्क आणि यूएसबीची पोर्टं जाण्याचं ते एक कारण ठरू शकतं. नगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोने उभारलेला स्विचगिअरचा कारखाना कित्येक दशकं चालू आहे. २०२०मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. त्या कारखान्यामुळे एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग यांची नीट जाण असलेली माणसं या शहरात मिळतात. बोर्ड घेण्याआधी त्यांच्यातल्या एखाद्याकडून खोलीचं अर्थिंग मोजून घ्यावं.

बोर्ड आपल्याकडे बनतो का?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचं उत्तर पूर्ण नकारार्थी नाही. गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, आधी डी-लिंक इंडिया आणि नंतर स्मार्टलिंक या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने 'डिजिलाइट' या नावाने मदरबोर्ड बाजारात आणले होते. ते साध्या कामाचे बोर्ड होते. वरच्या टोकाला पुण्याच्या सी-डॅकचं काम आहे. १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या या संस्थेने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेत 'रुद्र' हा सर्व्हर देशात आरेखित केला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सुमारे १३० कोटी रुपयांचे तीन परम रुद्र महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या संशोधनासाठी राष्ट्राला अर्पण झाले. पुण्याचा जीएमआरटीसाठी आहे. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या नोंदी तपासण्यासाठी.

म्हणजे अनेक थरांच्या, अतिवेगवान संकेतांच्या बोर्डाचं आरेखन मराठी मुलखात होऊ शकतं. मार्च २०२५मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली; तिच्यात बहुथरी पीसीबीचाही समावेश आहे. सध्या मात्र दुकानातला वरच्या दर्जाचा बोर्ड बाहेरून येतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून तो अधिकृत वितरकाचाच घ्यावा, पक्कं बिल घ्यावं आणि हमी भारतातली आहे याची खात्री करावी.

कोणी काय घ्यावं

गेम खेळणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने बी८५०चा, मोठ्या हीटसिंकचा आणि बायोस फ्लॅशबॅकचा बोर्ड घ्यावा. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. नकाशे आणि छपाईचं काम करणाऱ्यालाही तेवढा पुरतो. रोज तासन्‌तास रेंडर करणाऱ्या स्टुडिओने १६ गाभ्यांच्या प्रोसेसरबरोबर एक्स८७०ई किंवा झेड८९०चा मधल्या किमतीचा बोर्ड घ्यावा, त्यात पोस्ट कोडचा डिस्प्ले असावा आणि अनेक जण एकत्र काम करत असतील तर १० गीगाबिट नेटवर्कही. एआय शिकणाऱ्याने ८-८ची विभागणी आहे का, एवढा एक प्रश्न आधी विचारावा. लाखाच्या घरातला बोर्ड विक्रमी ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यासाठी आहे. केडगावातल्या कुठल्याही रोजच्या कामाला त्याची गरज मला दिसत नाही.

दुकानदारांकडे एक मागणी करावीशी वाटते. बोर्ड दाखवताना खोक्यावरची यादी वाचून दाखवण्याऐवजी पुस्तिकेतला ब्लॉक डायग्राम आणि लेन-वाटणीचं पान ग्राहकासमोर उघडावं. त्या दोन पानांत किमतीचं खरं कारण असतं. आणि आपल्या तंत्रनिकेतनांनी बोर्डाची दुरुस्ती, बायोस चिप बदलणं, पॉवर स्टेज मोजणं हे प्रात्यक्षिकात आणावं. तीन वर्षांची हमी संपल्यावर महागडा बोर्ड भंगारात जाणं थांबेल, तो इथेच दुरुस्त करणारे हात तयार झाले तरच. तोपर्यंत ज्याचं बजेट साठ हजारांच्या बोर्डापर्यंत ताणलं गेलं आहे, त्याने तीस हजारांचा घ्यावा आणि उरलेल्या तीस हजारांतून चांगला यूपीएस, पक्कं अर्थिंग आणि जास्त रॅम मिळवावी.